कोपरा जळू नये म्हणून
(स्वागताध्यक्षीय भाषण)

यंत्रनिर्माते, फर्निचर कारखानदार आणि लाकूडकामाची सीएनसी यंत्रे रोज चालवणाऱ्या ऑपरेटर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने पिंपरी-चिंचवडमधील या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

या नगरीने सीएनसीचे धडे धातूवर गिरवले. त्यामुळे लाकडाच्या यंत्राकडेही आपण मायक्रॉन मोजणाऱ्या नजरेने पाहतो. पण लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते, आकसते. तिथे मायक्रॉनपेक्षा खरा कस लागतो तो वेग सांभाळण्याचा.

हिशेब साधा आहे. दोन धारांचा बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.३ मिलिमीटर कापायचे असेल, तर राउटर मिनिटाला १०.८ मीटर सरकला पाहिजे. कोपऱ्यावर हाच वेग एक मीटरवर आला की धार कापायचे सोडून घासू लागते, बिट तापतो आणि एमडीएफवर काळा डाग उमटतो. दोष बिटाच्या माथी मारला जातो. मूळ अनेकदा गतिनियंत्रणात असते. कंट्रोलर प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळी आधीच वाचून वेग बेतत असेल, प्रवेग पुरेसा असेल आणि कोपऱ्याला किंचित गोलाईची मुभा असेल, तर डाग टळू शकतो.

मोटरची निवडही अशीच पारखून करावी. साध्या स्टेपरला सहसा एका फेऱ्यासाठी २०० पावले लागतात. पण पाऊल खरेच पडले का, हे त्याला कोणी विचारत नाही. सागाच्या गाठीवर पावले चुकली, तर पुढची सगळी भोके सरकतात. सर्वोचा एन्कोडर मात्र जागा सतत कळवत असतो. आठ बाय चार फुटांच्या शीटवर गॅन्ट्रीच्या दोन्ही बाजूंच्या मोटरी एकजुटीने चालल्या नाहीत, तर काटकोनच बिघडतो. त्यात रॅक-पिनियनमध्ये भुसा साचला, की महागडा सर्वोही हतबल!

तेव्हा या परिषदेत केवळ माहितीपत्रके वाचली जाऊ नयेत. बिघडलेले जॉब, कंट्रोलरची सेटिंग्ज आणि देखभालीच्या अडचणी इथे मोकळेपणाने मांडा. विशेषतः ऑपरेटर मंडळींनी संकोच न करता बोलावे, कारण यंत्र अडखळते तेव्हा ते सर्वांत आधी त्यांनाच कळते.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.