रंग घ्यावा, पण कोणता?

(नभोवाणीवरील भाषण)

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर नावाचा राजवाडा आहे. राजा मानसिंह तोमर याने आपल्या राज्यकालात, म्हणजे इ. स. १४८६ ते १५१६ या काळात, तो उभारला. त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या व पिवळ्या झिलईच्या लाद्यांमध्ये हत्ती, बदके आणि केळीची झाडे बसविलेली आहेत. पाचशे उन्हाळे त्यांच्यावरून गेले. पण जेथे लादी शाबूत आहे, तेथे निळा रंग आजही निळाच आहे.

आता किल्ल्यावरून खाली लष्करात उतरू. तेथे चितेरा ओळी नावाची एक गल्ली आहे. लग्न निघाले की चितेऱ्याला बोलवावे आणि त्याने दाराच्या दोन्ही अंगांना गणपती, हत्ती, घोडे रंगवावेत, अशी या शहरातील जुनी चाल. पुढे कधीतरी भिंतीला नवा चुना लागे आणि ती चित्रे त्याखाली जात. त्याचे कोणाला दुःख होत नसे, कारण मंगलकार्यापुरतीच ती काढलेली असत.

हे दोन्ही कारागीर आपापल्या जागी बरोबर होते. रंग हाती घेण्यापूर्वी चित्राला किती काळ जगायचे आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. आपण मात्र दुकानात जातो आणि विचारतो, "पेटी कितीला? नळ्या किती?" आज ॲक्रिलिक रंगांविषयी बोलताना या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न कसा विचारावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम माझा अधिकार किती ते सांगून टाकते. मी थाटीपूरला राहते आणि शाळेत शिकवते. महाराष्ट्रात असताना, लहानपणी, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा मी दिल्या. दुसरी परीक्षा झाली आणि माझे चित्रकलेचे रीतसर शिक्षण तेथेच थांबले. चाळिशी उलटली तरी मी स्वतःला इंटरमीजिएटच समजते. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या पायऱ्या आठवत असतात आणि वरच्या दिसत असतात. तेवढ्या भांडवलावर हे भाषण आहे.

कोणत्याही रंगात दोन गोष्टी मुख्य असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे ती रंगीत पूड. आणि दुसरा बंधक, म्हणजे ती पूड कागदाला वा कापडाला धरून ठेवणारा पदार्थ. तैलरंगात बंधक जवसाचे तेल असते, जलरंगात डिंक असतो. ॲक्रिलिकमध्ये तो पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगणारा एक कृत्रिम राळेचा प्रकार असतो. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा लवचिक पापुद्रा बनतो आणि मग तो पाण्याने विरघळत नाही. हे रंग तसे तरुण आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम यांनी या जातीच्या राळेवर विसाव्या शतकाच्या आरंभी काम केले. परंतु पाण्यात कालवता येणारे ॲक्रिलिक चित्रकारांच्या हाती आले ते १९५० नंतरच्या दशकात, अमेरिकेत. आपल्याकडे दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा उद्योग काढला, त्यातून कॅम्लिनची वाढ झाली आणि पुढे शाळकरी मुलांच्या दप्तरात रंगही येऊन बसले. आज ॲक्रिलिक लहान गावातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातही मिळते. अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे.

या रंगाचा स्वभाव आधी ओळखावा. तो झटपट वाळतो, आणि आमच्या ग्वाल्हेरात तर फारच झटपट. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, लू सुटते, आणि तबकडीवर काढलेला रंग कुंचला बुडवीपर्यंत साय धरतो. त्यावर सोपा उपाय आहे. जेवणाच्या चपट्या डब्यात ओले फडके घालावे, वर लोणीकागद पसरावा, त्यावर रंग काढावेत आणि काम थांबले की झाकण लावावे. रंग पुष्कळ वेळ ओले राहतात. कुंचला मात्र क्षणभरही कोरडा पडू देऊ नये. त्यात वाळलेले ॲक्रिलिक सहसा सुटत नाही. दुसरे असे की, ओला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून छटा जुळवताना कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळू देऊन, मगच निर्णय घ्यावा.

थंडीचा धडा मला माझ्याच चुकीने मिळाला. एका वर्षी नाताळच्या गोठ्यामागे लावायचा पडदा रंगविण्याचे काम मी अंगावर घेतले. डिसेंबरची रात्र, उघडे अंगण, रंग थोडा आणि कापड मोठे. मी रंगात सढळ हाताने पाणी ओतले आणि बेथलेहेमचे सगळे आकाश निळे करून टाकले. सकाळी पडदा उचलला तर आकाश हाताला लागत होते. बोट फिरवावे तेथे निळी भुकटी. सुमारे दहा अंशांच्या खाली तापमान गेले की बंधकाचे कण नीट जुळत नाहीत; आणि पाणी अति झाले तर जुळायला कणच अपुरे पडतात. मी दोन्ही अपराध एकाच रात्री केले होते. मुलांनी दुसऱ्या दिवशी खोलीत बसून तो पडदा पुन्हा रंगविला. तेव्हापासून हिवाळ्यात मी बाहेर रंगकाम करीत नाही आणि रंग फार पातळ करावयाचा झाल्यास पाण्याऐवजी त्यासाठी मिळणारे ॲक्रिलिक माध्यम वापरते.

आता पहिली पायरी, नवशिक्यांची. जूनमध्ये पालक विचारतात, "बाई, चोवीस रंगांची पेटी घेऊ ना?" मी नको म्हणते. चोवीस नळ्या असलेले मूल रंग बनवायला शिकत नाही. ते पेटीतला हिरवा घेते आणि झाडाला लावते. सहा नळ्या पुरतात: पांढरा थोड्या मोठ्या नळीत, लिंबासारखा पिवळा, तांबडा, गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी. काळ्याची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळले की रात्रीच्या सावलीसारखा काळोखा रंग मिळतो, आणि तो बाजारी काळ्यापेक्षा जिवंत दिसतो. विद्यार्थी प्रतीचे रंग या पायरीला योग्यच होत. ते स्वस्त असतात, कारण त्यांत रंगद्रव्य कमी आणि पांढरी भर अधिक असते. नवशिक्याने रंग वाया घालवला पाहिजे. महागडी नळी हाती असली की मूल मटाराएवढा रंग काढते आणि भीत भीत काम करते.

परंतु स्वस्ताईलाही एक तळ आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती पिवळा लावी आणि खालची पेन्सिलची रेघ तशीच दिसे. दुसरा हात देई, तिसरा देई, कागद फुगे, पण पिवळे काही भरत नसे. एके दिवशी तिने वही मिटली आणि म्हणाली, "मला चित्रकला येत नाही." मी तिला माझ्या नळीतला पिवळा दिला. एका हातात सूर्यफूल भरले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच्या पेटीकडे. दोष हाताचा नव्हता, रंगाचा होता, आणि ते कळायला तिला सबंध वर्ष लागले होते. म्हणून पालकांना माझे सांगणे असते: नळ्या कमी घ्या, पण रंग झाकणारा घ्या. मुलांसाठी कॅडमियम असलेले रंग घेऊ नका; त्यांची त्या वयात गरजही नाही.

दुसरी पायरी माझ्यासारख्यांची. हात थोडा बसलेला असतो, चित्र भिंतीवर लावण्याजोगे होते, कोणी मागूनही नेते. या पायरीवर वेगळा कुंचला घेण्याआधी नळीवरचा मजकूर वाचायला शिकावे. चांगल्या नळीवर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा. नावे फसवी असतात, अंक फसवीत नाहीत. नावापुढे 'ह्यू' असा शब्द असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसऱ्या द्रव्याने ती छटा साधलेली आहे, असे समजावे. ते वाईट असतेच असे नाही, पण ठाऊक असावे. एकाच नळीत तीन-चार द्रव्ये असतील, तर ती दुसऱ्या रंगात मिसळताना मळकट होण्याचा संभव अधिक. शेवटची खूण प्रकाशात टिकण्याची. बहुधा ती रोमन आकड्यांत असते: एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, तीन म्हणजे भरवसा नाही. ज्या नळीवर यातले काहीच नाही, ती सरावाला ठेवावी.

हे शहाणपण मला उशिरा आले. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षिका निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या अंगणातली बोगनवेल रंगवून मी त्यांना भेट दिली. फुलांचा भडक गुलाबी एका पेटीतून घेतला होता. नळीवर नावापलीकडे काही नव्हते. चित्र छान साधले होते, असे मलाही वाटले. बाईंनी ते खिडकीसमोर लावले. तीन वर्षांनी मी त्यांच्याकडे गेले, तर वेलीच्या फांद्या होत्या, पाने होती, आणि फुलांच्या जागी राखाडी डाग. बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाल्या, "अगं, बहर ओसरला, एवढेच." चहा झाला, गोष्टी झाल्या, पण मला घरी येईपर्यंत दुसरे काही सुचेना. मी त्यांना चित्र दिले होते, आणि त्यातले फूल परत घेतले होते.

तेव्हापासून मी एक साधी परीक्षा घेते, ती कोणालाही घरी करता येईल. जाड कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढावा, अर्धा पट्टा काळ्या कागदाने घट्ट झाकावा आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत तो तीन-चार महिने लावून ठेवावा. मग काळा कागद काढून दोन्ही भाग ताडून पाहावेत. अल्ट्रामरीन आणि मातीच्या जातीचे रंग जसेच्या तसे राहतात. फजिती बहुधा गुलाबी व जांभळ्यांची होते. गुलाबी हवाच असेल तर पीव्ही १९, म्हणजे क्विनाक्रिडोन, पाहून घ्यावा. किंमत अधिक पडते, पण एवढी एकच नळी वरच्या प्रतीची घेतली तरी चालते. सगळी पेटी एकदम बदलण्याची आवश्यकता नाही.

तिसरी पायरी कसलेल्या हाताची. तेथे मी उपदेश करणार नाही, निरीक्षण सांगेन. आपल्याच मध्यप्रदेशातील जुन्या मंडला जिल्ह्याने दोन थोर चित्रकार दिले. सय्यद हैदर रझा तेथेच १९२२ मध्ये जन्मले, नागपूर व मुंबईच्या कलाशाळांत शिकले आणि पॅरिसला गेले. आधी तैलरंग वापरणाऱ्या रझांनी पुढे अनेक चित्रांसाठी ॲक्रिलिक जवळ केले. स्वच्छ, सपाट, तेजस्वी रंगक्षेत्रे त्यात साधतात. दुसरे पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम. १९८० नंतर ते भोपाळला आले, आणि मातीच्या भिंतीवरची चित्रविद्या कागदावर व कॅनव्हासवर उतरली. आजचे पुष्कळ गोंड चित्रकार ॲक्रिलिकच वापरतात. त्यांच्या हजारो बारीक ठिपक्यांना व रेघांना लोण्यासारखा घट्ट रंग उपयोगाचा नाही. पातळ, ओघळता, तरीही झाकणारा रंग लागतो. जो चाकूने थर चढवितो त्याला घट्टच हवा. म्हणजे वरच्या पायरीवर 'सर्वांत उत्तम रंग' असे काही उरत नाही. आपल्या हाताला मानवणारा रंग तेवढा उरतो. या पायरीवर एक बंधन मात्र कडक असते. चित्र विकावयाचे असेल तर न टिकणारा रंग वापरू नये. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आजच्या गुलाबीसाठी नव्हे, वीस वर्षांनंतरच्या गुलाबीसाठी.

श्रोते हो, नवशिक्याचे चित्र त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी असते. ते फिकले तरी शिकलेले फिकत नाही. त्याने मनमुराद, स्वस्त, पण झाकणारा रंग घ्यावा. मधल्याने वाचून, पारखून, एकेक नळी बदलत जावे. आणि ज्याचे चित्र दुसऱ्याच्या घरी जाणार, त्याने टिकाऊपणाला आधी मान द्यावा, किमतीला नंतर. चितेऱ्याचा हत्ती लग्नापुरता होता, मानमंदिराचा पाचशे वर्षांचा. आपला हत्ती कोणता, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठरवावे.

बाईंना मी बोगनवेलीचे दुसरे चित्र करून दिले. त्यातला गुलाबी आधी चार महिने माझ्या खिडकीत उन्हात राहून आला होता. जुने चित्र परत मागितले, पण ते काही त्यांनी दिले नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावली आहेत.