गळ टाकायला जाताना अंगात काय घालायचं?

कानात हेडफोन घालून लोकलमध्ये लटकत असाल किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. कारण विषय आहे रविवारचा. म्हणजे मासेमारीचा. पण गरी कुठली आणि आमिष कुठलं, हे आज नाही. आज बोलायचंय कपड्यांबद्दल.

मी मानपाड्याचा. हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, कुठला मानपाडा? ठाण्याचा की डोंबिवलीचा? मी ठाण्याचा. पण या विषयात दोघांचं पाणी एकच आहे. उल्हास नदी डोंबिवलीला मोठागावाजवळून येते, पुढे आमच्या कोलशेत, गायमुखवरून वसईच्या खाडीत जाते. त्यामुळे दोन्ही मानपाड्यांतली पोरं गळ घेऊन शेवटी त्याच नदीच्या काठावर बसतात.

आता तुम्ही म्हणाल, ठाण्यात कसली आलीये थंडी? इथे तर जानेवारीतही पंखा लागतो! बरोबर आहे. पण जुलैच्या रात्री तीन तास पावसात उभं राहिलेल्या माणसाला विचारा. हवा पंचवीस-सव्वीस अंश असते, तरी त्याचे दात वाजत असतात. कारण थंडी फक्त हवेची नसते, ओलेपणाची असते.

हिशोब सोपा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओला कपडा अंगाला चिकटला की शरीराची ऊब सरळ बाहेर जाते. वर वारा लागला की पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तुमच्या भिजलेल्या टी-शर्टमध्ये पाव लिटर पाणी आहे असं धरा. ते अंगावरच वाळलं तर जवळपास १४० किलोकॅलरी खर्च होतात, आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या अंगातून जातो. शरीराचं आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं तर त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. आपल्याकडे गोष्ट सहसा तिथपर्यंत जात नाही. पण त्याच्या कितीतरी आधी बोटं बधिर होतात, गाठ बसत नाही, ओल्या दगडावर पाय नीट पडत नाही. आणि खाडीच्या काठावर पाय घसरणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

म्हणून पहिला नियम: जीन्स घरी ठेवा. सुती हुडीसुद्धा. सुती कापड पाणी पितं आणि धरून बसतं. भिजलेली जीन्स सहज किलोभर जड होते, गुडघा वाकत नाही, आणि पाण्यात पडलात तर तीच पायात अडकते. त्याऐवजी फुटबॉलची जर्सी असते ना, ती पॉलिएस्टरची, तीच घाला. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही. पिळली, झटकली की अर्धी कोरडी. खाली तशीच ट्रॅक पँट. हे सगळं तुमच्या कपाटात आत्ताच आहे, वेगळा खर्च नाही.

दुसरी गोष्ट, रेनकोट. यूट्यूबवर परदेशातले मासेमार दाखवतात ना, घाम बाहेर सोडणारं पण पाऊस आत न घेणारं महागडं जॅकेट? ते तंत्र खरं आहे. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून बारीक छिद्रांचा पडदा बनवला, त्यातून पाण्याचा थेंब जात नाही पण वाफ जाते. मग आपण का घेऊ नये? कारण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी किंवा थंड लागते. आपल्या पावसात बाहेरची हवाच इतकी दमट आणि कोमट असते की वाफ जाणार कुठे? हजारो रुपये देऊन तुम्ही आतून घामाने भिजणार. आपल्याकडे कापडापेक्षा वारा खेळणं महत्त्वाचं. काखेत किंवा पाठीवर जाळी असलेला, थोडा ढगळ, शर्ट-पँट असा दोन भागांचा रेनकोट घ्या. घेताना उलटा करून बघा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का? नसेल तर पाणी आधी तिथूनच येणार.

आणि ही वारा खेळण्याची अक्कल नवीन नाही हं. लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवरचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं. वरून पाणी निथळतं, खालून हवा मोकळी. घाम साचायचा प्रश्नच नाही. तसंच धनगराचं घोंगडं. लोकर भिजली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ओलं घोंगडंसुद्धा थोडी ऊब देतं. ओली सुती चादर ते करू शकत नाही. डिसेंबरात पहाटे मुरबाड-शहापूरकडे एखाद्या तळ्यावर जाणार असाल तर जर्सीवर पातळ लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस घाला, वर वारा अडवणारा विंडचीटर, डोक्याला कानटोपी. बस्स. फक्त जाण्याआधी विचारा, कारण अशा तलावांत मासेमारीचे हक्क बऱ्याचदा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतात.

छोट्या छोट्या गोष्टी आता पटापट सांगतो. रेनकोटच्या टोपीखाली पुढे झडप असलेली साधी कॅप घाला, तोंडावर पाणी येत नाही आणि मान वळवली की टोपीही वळते. बाहीचं तोंड आवळा, नाहीतर गळ वर उचलला की पाणी थेट कोपरापर्यंत. पँट गमबुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका, नाहीतर बूट म्हणजे बादली.

आता गमबुटाबद्दल जरा गंभीरपणे. बांधावर, चिखलाच्या वाटेवर गमबूट उत्तम. पण ते घालून पाण्यात उतरायचं नाही. पाणी वरून आत शिरलं की पाय उचलत नाही, आणि खाडीचा गाळ तो बूट धरून ठेवतो. आमच्याकडचे जाणते कोळी गाळात अनवाणी जातात, पण त्यांच्या पायांना तो गाळ पाठ आहे. आपल्याला नाही. आपण काठावरच थांबावं, पायात घट्ट नाडीचे जुने कॅनव्हास बूट घालून. काच, शिंपले, गंजकी तार सगळं असतं तिथे. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊच नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो दर पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात माणसं मारतो. घरी आलात की साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, मी पाण्यात गेलो होतो म्हणून. हे एक वाक्य जीव वाचवू शकतं.

होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट सगळ्यात वर, रेनकोटच्याही वर. आणि वीज कडकडायला लागली की कितीही भारी रेनकोट असला तरी गळ खाली ठेवा आणि निघा. कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये टाकून ठेवा, आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं.

शेवटची गोष्ट, जी सगळे विसरतात. परतीचा प्रवास. खरी हुडहुडी काठावर भरत नाही, बाईकवर भरते. ओल्या कपड्यांत चाळीसच्या स्पीडने घोडबंदर रोड किंवा शिळफाटा गाठायचा म्हणजे स्वतःला कुलरसमोर बसवण्यासारखं. म्हणून पिशवीत दोन प्लास्टिकच्या थैल्या ठेवा. एकीत टॉवेल, कोरडा टी-शर्ट, कोरडी पँट. दुसरी ओल्यासाठी. आधी अंग पुसा, कपडे बदला, टपरीवर गरम चहा घ्या, रेनकोट चढवा आणि मगच किक मारा.

बोईट मिळेल, चिंबोरी मिळेल, नाहीतर काहीच मिळणार नाही. ते भरती-ओहोटीवर आणि नशिबावर. पण कोरडं राहणं आपल्या हातात आहे. तुमच्या ग्रुपमध्ये जो जीन्स घालून गळ टाकायला येतो ना, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. तोवर सांभाळून!