खूण सरकलेला डॅम्पर

जुन्या मोटारीचं टायमिंग काही केल्या जुळत नाही, म्हणून लोक डिस्ट्रिब्यूटर फिरवत बसतात. माझं म्हणणं, आधी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचा डॅम्पर बघा.

सिलिंडरमध्ये स्फोट झाला की शाफ्टला पीळ बसतो आणि लगेच सुटतो. ठरावीक वेगाला ही थरथर इतकी वाढते, की पोलादी शाफ्टसुद्धा मोडतो. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१०च्या सुमारास यावर उपाय काढला. पुढे आला तो रबरी डॅम्पर: आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये थरथर गिळणारा रबराचा पट्टा.

शेवरोलेचं १९५५चं स्मॉल ब्लॉक व्ही-एट घ्या. टायमिंगची रेघ या बाहेरच्या कड्यावरच असते. तेलाने, उष्णतेने रबर सुटलं की कडं सरकतं आणि रेघही त्याच्याबरोबर जाते. टायमिंग लाइट मग चुकीचंच दाखवणार. खात्री करायची तर बॅटरी सोडवा, सगळे प्लग काढा आणि एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा. क्रँक हाताने हळूच फिरवा, अडला की इंजिनवरच्या टायमिंगच्या काट्यासमोर कड्यावर खडूने खूण करा. उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरं टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा. जुनी रेघ तिथे नसेल, तर डॅम्पर बदलायलाच हवा.

काढताना जबड्यांचा पुलर कड्याला लावू नका, रबर फाटून कडंच हातात येईल. हबमध्ये आट्यांची तीन भोकं असतात, पुलरचे बोल्ट तिथेच घाला. पुढचं ऑइल सीलही आताच बदला.

नवा डॅम्पर हातोड्याने ठोकणं मला बिलकूल मान्य नाही. प्रत्येक घाव थ्रस्ट बेअरिंगला लागतो. शाफ्टच्या आट्यांत लांब स्टड घालून नटाने तो ओढत बसवा. सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांच्या शाफ्टला पुढे आटेच नाहीत, तिथे भोक पाडून आटे करून घेतलेले बरे. शेवटी बोल्ट ६० फूट-पौंडांवर कसा.

आणि भाग मागवताना इंजिन नीट सांगा. याच स्मॉल ब्लॉकच्या ४०० घनइंची इंजिनाच्या डॅम्परमध्ये मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेलं असतं. ३५०चा डॅम्पर त्याला बसतो खरा, पण इंजिन हादरत राहतं.