हस्ताचा पाऊस आणि लालबागेच्या कुंड्या
हस्त नक्षत्र लागले, की बऱ्हाणपूरच्या लालबागेभोवती आकाशाकडे पाहणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. कापसाची बोंडे उकलू लागलेली असतात; त्यांत पाणी शिरले तर रुई काळवंडते. कापूसवाल्याला उघडीप हवी. केळीच्या बागाइतदाराला विहिरीची चिंता. त्याला आणखी चार सरी चालतात.

लालबागेतील कुंडी भंडाऱ्याचा कौल या दुसऱ्या पक्षाला. 1615च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरले आणि भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे वळविले. भुयारांवरील कुंड्या म्हणजे हवा-उजेडाची विहिरीसारखी तोंडे. मात्र कोसळणारा पाऊस त्यांच्या फारसा कामाचा नाही. तो ओढ्यानाल्यांनी थेट तापीला मिळतो. रात्रभर चाललेली रिमझिम तेवढी मुरते, आणि तीही डोंगरउतारावर झाडे असतील तर! शिवाय भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पुटे चढून झिरपवाटा बुजतात, त्या खरवडणे ओघानेच आले.

पाऊस उघडतो, ऊन चटकू लागते, अंगणात कापूस वाळत पडतो. खाली कुंडीत मात्र थेंब टपकतच असतात.