खिडकीवाटे येणारें पाणी



पावसाळ्याच्या तोंडावर आपण छत्र्या दुरुस्त करून घेतों, धान्य वाळवून डब्यांत भरतों, गच्चीवरचा केरकचरा काढतों. खिडक्यांकडे मात्र, पहिली झड आंत येऊन गादीचा कोपरा भिजेपर्यंत, आपलें लक्ष जात नाहीं. मग गवंडी मिळत नाहीं, सुतार मिळत नाहीं, आणि मिळाला तरी ओल्या भिंतीवर त्याचा माल धरत नाहीं. मी गवंडी नव्हे कीं स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत अंकगणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत माझा जन्म गेला. तथापि या एका विषयांत मला जी फी भरावी लागली ती पाहतां चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आला आहे, असें वाटतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. ओल जेथें दिसते तेथेंच पाणी शिरलेलें असतें, असें नाहीं. चौकटीच्या माथ्याशीं शिरलेलें पाणी विटांच्या सांध्यांतून वाट काढीत चार फूट खालीं, कट्ट्याच्या कोपऱ्यांत दर्शन देतें. शिवाय पाणी केवळ वरून खालींच जातें, हा समजही पुरा खरा नव्हे. वाऱ्याचा जोर असला म्हणजे तें आडवें शिरतें, आणि बारीक फटींत केशाकर्षणानें थोडें वरही चढतें. खडूचें टोंक शाईंत बुडविलें असतां शाई वर चढते, हा प्रयोग मीं वर्गांत किती वेळां दाखविला असेल! छज्ज्याच्या कडेवरून ओघळणारें पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून उलट भिंतीकडेच येतें. म्हणून जाणता गवंडी छज्ज्याच्या पोटांत, कडेच्या किंचित् आंत, एक लांब खांच पाडून ठेवतो. खांचेशीं आलेल्या पाण्याला पुढें जातां येत नाहीं. तें थेंब होऊन खालीं पडतें. पुढें रंगारी येतो आणि दिसावयास सपाट बरें म्हणून ती खांच पुट्टीनें भरून टाकतो. असे छज्जे मीं पुष्कळ इमारतींस पाहिले आहेत.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईंत सरासरीनें २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास त्याच्या निम्माही नाहीं. परंतु खिडकीच्या दृष्टीनें पाऊस किती, यापेक्षां तो कोणत्या अंगानें, हा प्रश्न मोठा. आपल्याकडे झड येते ती बहुधा पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची. कोंकणांतील जुन्या घरांचीं छपरें भिंतीबाहेर चांगलीं दोन हात येत, आणि पावसाच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधीत. शहरांतल्या चार मजली घराला पागोळीच नाहीं. सारा मारा भिंतीनें आणि खिडकीनें सोसावयाचा.

आतां माझी हकीकत. मुंबईच्या एका उपनगरांत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतों. तीन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत पश्चिमेच्या खिडकीच्या उजव्या खांद्याशीं ओलीचा डाग पडला. आमच्या वर राहणाऱ्या गृहस्थांच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा नळ त्याच बाजूनें उतरतो. मीं तत्काळ निकाल दिला! सोसायटीकडे अर्ज केला. जिन्यांत दोन शब्द जास्तही बोललों. त्या गृहस्थांनीं न्हाणीची फरशी उखडून नवी करून घेतली. तो खर्च त्यांना सोपा नव्हता. त्याच वर्षीं त्यांच्या घरीं मुलीचें लग्न होतें. पुढच्या आषाढांत डाग पुन्हां तेथेंच. त्यानंतर दोन घरांमधलें दिवाळीच्या फराळाचें ताट बंद झालें.

डोळे उघडले ते आमच्या सौभाग्यवतींमुळें. गेल्या वर्षीं एके सकाळीं त्या म्हणाल्या, "अहो, काल दिवसभर पाऊस होता, तरी भिंत कोरडी आहे. वारा समोरून असला म्हणजेच ती भिजते. न्हाणीघराला वाऱ्याचें काय?" ३६ वर्षें मुलांना 'पुरावा काय?' असें विचारणारा मी, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्या दिवसापासून मी दिनदर्शिकेंत रोज तीन गोष्टी टिपूं लागलों: पाऊस किती, वारा कोणीकडून, भिंत ओली कीं कोरडी. महिन्याभरांत उत्तर समोर आलें. नळाची गळती वारा पाहत नाहीं आणि ऋतुही पाहत नाहीं. वैशाखांतही ओल राहिली तर नळावर संशय घ्यावा. वाऱ्यापावसाबरोबर येणारी ओल बाहेरच्या अंगाची समजावी.

बाहेरचें अंग म्हणजे नेमकें कोठलें, हें शोधण्यास साधी झारी पुरते. जोराच्या नळीचा फवारा मारूं नये. पाऊस जेथें शिरत नाहीं तेथेंही तो शिरतो. कोरडा दिवस पाहावा. आंतल्या कट्ट्यावर कोरडी रांगोळी भुरभुरावी व डागाच्या जागीं वर्तमानपत्राची पट्टी चिकटवावी; एक थेंब आला तरी खूण उमटते. एकानें आंत लक्ष ठेवावें, दुसऱ्यानें बाहेरून पाणी घालावें, तें मात्र खालून वर. प्रथम बाहेरचा कट्टा, मग चौकटीच्या बाजू, मग माथा, आणि शेवटीं छज्जा. दर ठिकाणीं १५-२० मिनिटें, भिंत जाड असल्यास अर्धा तास, वाट पाहावी. वरून आरंभ केला तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतें आणि त्यांतला चोर कोणता तें कळत नाहीं. जवळ विजेचें बटण असेल तर प्रवाह आधीं बंद करावा. खिडकीबाहेर लोंबकळून किंवा छज्ज्यावर उभें राहून हें काम कोणींही करूं नये. दोर बांधून काम करणारे कसबी लोक त्यासाठीं मिळतात.

माझा कट्टा कोरडा, बाजू कोरड्या, माथा कोरडा. राहिला छज्जा. त्यावर पाणी घालावयाचें तें वरच्या खिडकींतूनच. म्हणजे ज्यांच्याशीं दीड वर्ष बोलणें नव्हतें, त्यांच्या दाराशीं झारी घेऊन जाणें आलें. जिन्यांत मी दोनदां थांबलों. त्यांनीं दार उघडलें, माझें म्हणणें ऐकून घेतलें, आणि "मास्तर, तुम्ही खालीं जाऊन बघा, मी ओततों," असें म्हणून झारी माझ्या हातांतून घेतली. २३ व्या मिनिटाला कागदाची पट्टी काळवंडली.

मग दोघांनीं मिळून वरच्या खिडकींतून खालीं पाहिलें. छज्ज्यावर पालापाचोळा साठलेला, त्याचा उतार भिंतीकडे, आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यांत बोटभर जाडीचीं चार भोकें. दूरचित्रवाणीची थाळी बसवितांना तीं पाडलेलीं होतीं. ती थाळी आमच्याच घरची! पुढें ती काढून नेली, भोकें बुजविण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि घरचा कर्ता मी.

मे महिन्यांत काम झालें. भोकें साफ करून न आकसणाऱ्या मसाल्यानें भरलीं, छज्ज्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला, आणि छज्जा व भिंत यांच्या सांध्यांत गोलाई केली. न्हाणीच्या खर्चाचा निम्मा भाग मीं देऊं केला. त्यांनीं तो घेतला नाहीं.

आपल्या घरीं दोष दुसरीकडे असेल. चौकट व भिंत यांमध्यें फट असल्यास जुना माल खरवडून काढावा, जागा पुरी वाळूं द्यावी आणि मग सिलिकोन भरावें; धुळीवर किंवा ओलीवर तें धरत नाहीं, आणि त्यावर रंगही बसत नाहीं. फट खोल असेल तर आधीं फोमची दोरी आंत दाबावी. लांकडी तावदानांची कांच हलत असल्यास जवसाच्या तेलांतील लांबी अजूनही उत्तम. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना खालच्या पट्टीस बाहेरच्या अंगानें बारीक भोकें असतात. तीं पाणी निघून जाण्यासाठींच ठेवलेलीं असतात. वारा येतो, मुंग्या येतात म्हणून लोक तीं बुजवितात, आणि मग सांचलेलें पाणी घरांत ओसंडतें. तीं झाडूच्या काडीनें मोकळीं ठेवावीं. आणि एक करूं नये: केवळ आंतून लेप देऊन डाग झांकूं नये. पाणी भिंतींतच कोंडतें, आंतल्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात, आणि सिमेंट फुटून बाहेर येतें.

यंदा पश्चिमेची झड पुष्कळदां आली. दिनदर्शिकेंत 'कोरडी' असेंच लिहिलेलें आहे. जुन्या डागावर मात्र मीं अद्याप रंग दिलेला नाहीं. भिंत आंतून वाळावयास एक हिंवाळा तरी जावा लागतो. घाई केली तर पोपडे सुटतात. दिवाळीला वरचीं मंडळी फराळास येणार आहेत. त्यांना तो डाग दिसेल. दिसो.