गाडीची बॅटरी म्हणजे घरातली बिजवाई



आम्ही एका बचत गटातल्या सातजणी. आज बोलणारी एकच आहे, पण बोलणं सातजणींचं आहे. विषय आहे गाडीची बसलेली बॅटरी. कोणी म्हणेल, हा तर ड्रायव्हरचा विषय, आपल्याला काय त्याचं? आम्हीही तसंच म्हणत होतो. एका सकाळी साठ ताटांची ऑर्डर हातची जायची वेळ आली, तेव्हापासून म्हणत नाही.

आमच्या गटानं कर्ज काढून बंद पाठीची एक जुनी गाडी घेतली. मागं ओटा, शेगडी, भांड्यांची फळी आणि रात्री तिघी आडव्या होतील एवढी जागा. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, जिथं कार्यक्रम किंवा यात्रा असेल तिथं जातो. झुणका-भाकर, ठेचा, वांग्याची भाजी करतो. महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शहरातले लोकही आता झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेऊन हिंडतात. त्यांची गाडी चकचकीत, आमची खडखडती. पण ज्या गाडीत घर थाटलं, तिच्या बॅटरीचं दुखणं सारखंच.

बहिरमची यात्रा तुम्हाला सांगायला नको. परतवाड्याहून बैतूलकडं जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, ऐन थंडीत भरते. हंडी आणि रोडगे खायला दोन्ही राज्यांतून माणूस येतो. तिथं आम्ही गाडी लावली होती. संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत दिवे, वर गाणी लावायला स्पीकर. रात्री बायाच झोपलेल्या, म्हणून दोन दिवे चालूच ठेवले. सकाळी परतवाड्याला साठ ताटं पोचवायची होती. पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या, डबे भरले, चावी फिरवली. गाडी म्हणाली, टक टक टक टक. काट्याजवळचे दिवे मिणमिणले आणि विझले.

मग जे घराघरांत होतं तेच झालं. आधी दोषी शोधला. आमच्यातल्या सगळ्यात लहान सूनबाईनं रात्री फोन चार्जिंगला लावला होता. "हिच्या फोननंच बॅटरी खाल्ली वो!" एकीनं म्हटलं, दुसरीनं री ओढली. ती बिचारी डब्यांपाशी बसून रडू लागली.

तेवढ्यात एक भाऊ घरात फिटिंगला वापरतात ती बारीक वायर घेऊन मदतीला आले. ती लावल्याबरोबर तापली, वरचं प्लास्टिक वितळलं. शेजारी ट्रक उभा होता. त्याच्या ड्रायव्हरदादांना विनवलं, तर ते म्हणाले, "माय, माझी 24 व्होल्टची हाय, तुमची 12 ची. जोडली तं तुमची गाडी जळून जाईन." त्या माणसाचे उपकार आहेत. शेवटी एक ट्रॅक्टर मिळाला, त्याची बॅटरी 12 ची होती, आणि ट्रकवाल्या दादांनीच आपली जाड केबल दिली. गाडी सुरू झाली. ताटं पोचली, पण पाऊण तास उशिरा. पैसे मिळाले. पुढच्या वर्षीचं बोलणं मात्र त्यांनी काढलं नाही.

गावी परतल्यावर आम्ही गटाची वही उघडली आणि हिशोब मांडला. तो तुम्हीही करू शकता. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला 12 नं भागायचं, म्हणजे अँपिअर निघतात. त्याला तासांनी गुणायचं, म्हणजे बॅटरीतून किती गेलं ते कळतं. आमचे चार दिवे 40 वॅटचे, स्पीकर 35 चा. मिळून 75. भागिले 12, सव्वासहा. पाच तासांचे 31. रात्री दोन दिव्यांचे सात तासांचे 12. आणि सूनबाईचा फोन? दोन तासांचे जेमतेम 2. एकूण 45. बॅटरीवर लिहिलं होतं 65. पण ती जुनी, तीन उन्हाळे खाल्लेली. आपल्या अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात बॅटरी आतून खंगते आणि थंडीच्या पहाटे इंजिन जड झालं की तिचं खरं रूप दिसतं. म्हणजे 45 मधले 43 आमच्या सगळ्यांचे होते, 2 तिचे. बैठकीत सगळ्यांनी तिची माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. इंजिनाची बॅटरी ही बिजवाई आहे. घरात कितीही ओढ असली तरी पेरणीचं बियाणं आपण दळायला काढत नाही. ही बॅटरी एका दमात खूप जोर द्यायला बनवलेली असते. सेल्फ मारला की दोन-चार सेकंद शे-दीडशे अँपिअर द्यायचे आणि मोकळं व्हायचं. तिला रात्रभर थोडं थोडं पाजायला लावलं आणि पार रिती केली, तर चार-दोनदा असं झालं की ती कामातून जाते. दिवे, पंखा, स्पीकर यांच्यासाठी घरातल्या इन्व्हर्टरला असते तशी ट्यूब्युलर बॅटरी वेगळी हवी. आम्ही तशी दुसरी बसवली. मध्ये असा रिले टाकला की गाडी चालू असताना दोन्ही भरतात आणि बंद झाली की दोघींचा संबंध तुटतो. दिवे विझले तर विझोत, सकाळी गाडी निघते.

दुसरी बॅटरी बसवताना तीन गोष्टी पाहा. ती झोपायच्या फळीखाली उघडी ठेवू नका, शेगडी-सिलिंडरजवळ तर नाहीच. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीनं पेटतो. झाकणाच्या पेटीत घट्ट बांधा आणि पेटीची नळी गाडीबाहेर काढा. आणि बॅटरीजवळच वायरला फ्यूज लावून घ्या.

तरीही कधी बॅटरी बसलीच, तर आधी ऐका. टक टक आवाज आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी रिकामी. दिवे लख्ख, पण एकच टक्, म्हणजे सेल्फमध्ये बिघाड किंवा बॅटरीवरची पकड सैल. काहीच नाही, तर आधी पकडी हलवून पाहा. कधी नुसती पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते.

केबल लावायचा क्रम पाठ करा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न चिकटलेल्या. व्होल्ट सारखे आहेत ना, विचारून घ्या. लाल केबल बसलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणेला. आणि काळीचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला नाही, तर तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. काढताना उलट क्रमानं. नवीन गाडी असेल तर तिच्यासोबतचं पुस्तक आधी पाहा.

हे करण्याआधी आपल्या हातांकडं पाहा. धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, मंगळसूत्र पदरात खोचून घ्या. बांगडी किंवा पाना अधिक-उणेला एकदम टेकला तर क्षणात लाल होतो, हात भाजतो. जवळ विडी नको, काडी नको, उदबत्तीही नको. आतलं पाणी तेजाबाचं असतं. अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन तडक दवाखाना गाठा.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. बाजारापर्यंतच्या फेरीनं ती भरत नाही. चार्जरवर रात्रभर लावून घ्या. साधा मल्टीमीटर घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर 12.6 दाखवला तर बॅटरी भरलेली, 12 च्या खाली गेला तर रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 14 दिसायला हवा. नाही दिसला तर दुखणं बॅटरीत नाही, ती भरणाऱ्या डायनमोत आहे. नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे पाहा, नाहीतर पैसे पाण्यात.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी पाहा, उन्हाळ्यात दोनदा. पाणी फक्त डिस्टिल्ड. आपला खारपाणपट्टा आहे, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चुकूनही घालू नका. पकडींवरची बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, पण ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग व्हॅसलीन लावा. पकड काढायची झाली तर उणे आधी काढा आणि लावताना उणे शेवटी लावा. जुनी बॅटरी अंगणात फोडू नका, तिच्यातलं शिसं लेकरांना विषासारखं आहे. दुकानदाराला परत द्या, किमतीत सूट मागून घ्या.

आमची सूनबाई आता रोज सकाळी मल्टीमीटर लावते आणि आकडा वहीत लिहिते, हप्त्याच्या रकान्याशेजारी. तुमच्या गटाकडं टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल, तर पुढच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून एकदा बोनेट उघडा. बॅटरी कुठं आहे, तिच्यावर काय लिहिलंय, एवढं तरी वाचा. आणि कधी बसलीच, तर आधी हिशोब मांडा. कोणाच्या लेकीसुनेला बोल लावायचा तो नंतर. बहुतेक वेळा लावायची गरजच पडत नाही.

राम राम.