भीती आणि नित्यनेम
(कामरेज येथील मेळाव्यातील भाषण)



हा मेळावा ज्या कामरेजात भरला आहे, तेथून सुरत फार दूर नाही. 1994 च्या सप्टेंबरात, तापीचा पूर ओसरल्यावर, त्या नगरीत प्लेगने डोके वर काढले. लक्षावधी लोक घरदार टाकून निघाले. मागे राहिलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधले आणि टेट्रासायक्लीनसाठी औषधांच्या दुकानांत गर्दी केली. भीतीचे सामर्थ्य मोठे. परंतु तिचे आयुष्य अल्प. साथ आवरली, रुमाल सुटले. उकिरडे मात्र होते तेथेच राहिले.

पालट झाला तो 1995 साली श्री. एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आल्यावर. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज कचेरीबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर, उभे केले. रात्रीची झाडलोट सुरू केली. घाण करणाऱ्यास दंड ठेवला. दोनेक वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली.

देहाचेही तसेच आहे. रक्तदाबाचा आकडा ऐकून घाबरलेला गृहस्थ पंधरा दिवस पहाटे फिरतो. सोळाव्या दिवशी पाऊस येतो आणि वहाणा कोपऱ्यात जातात. देवळातील नित्यपूजा कोणाच्या उत्साहावर चालत नाही. पाळी ठरलेली असते म्हणून चालते, आणि पाळीचा माणूस आला नाही तर त्याची विचारपूस होते. फिरावयाचे तेही असेच शेजाऱ्याशी वेळ बांधून. एखादा दिवस चुकला तर चुकला. त्यासाठी नेम मोडला असे समजू नये. आणि मीठ कमी करावयाचे असेल, तर पानात पापड-लोणचे वाढू नये, हे गृहिणीवर न टाकता खाणाऱ्याने स्वतःच आधी सांगावे.